मे महिन्यातही वाजणारा फझ

फझ फेस हे गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल १९६६ साली लंडनमध्ये बाजारात आलं. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (नॉब फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) आणि नऊ व्होल्टची बॅटरी. एवढ्यात सर्किट संपतं. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली ते होतं म्हणून साठ वर्षांनंतरही जगभर लोक त्याच्या नकला बांधतात. मीही बांधली. पण मी गिटार वाजवतो ती अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात, आणि आमचं बहुतेक काम एप्रिल-मेच्या लग्नसराईत असतं. जळगाव-भुसावळकडे पारा तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. लंडनच्या हवेत सुखाने चालणारं सर्किट त्या उन्हाळ्यात टिकत नाही. ते टिकावं म्हणून मी काय काय केलं, ते सांगतो.

ज्यांना फझ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागातून, येणारी लहर गोलसर असते. फझ ती इतकी वाढवतो की ट्रान्झिस्टरच्या मर्यादेला धडकून तिचे माथे सपाट कापले जातात. या कापण्यातून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर तयार होतात, आवाज जाड होतो आणि लांबतो. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि असा आवाज रेकॉर्ड झाला. तो लोकांना आवडला, मग तोच आवाज मुद्दाम काढणारं मॅस्ट्रोचं फझ-टोन १९६२ मध्ये विकायला आलं. अहिराणी गाण्याची चाल ऑर्केस्ट्रात गिटारवर घ्यायची तर मला हाच आवाज लागतो. साध्या गिटारचा स्वर छेडल्यावर लगेच उतरू लागतो. ढोल, पॅड आणि बॅन्जो एकदम चालू असताना तो कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही. फझ लावला की स्वर सनईसारखा धरून ठेवता येतो.

पहिलं पेडल मी हिवाळ्यात बांधलं, अस्सल पद्धतीने, म्हणजे जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर. आमच्या गावात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर साठवलेले होते. बंद पडलेल्या रेडिओंतून एकेक उतरवून ठेवलेले, काहींचे पाय आखूड, काहींवरचे आकडे पुसट. जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर एकसारखे कधीच नसतात, म्हणून प्रत्येक मोजून घ्यावा लागतो. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. मोजायची रीत सोपी आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला साधारण २.४ के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि मीटर त्या रेझिस्टरवर. बेसला काहीही जोडलेलं नसताना मीटर जे दाखवतो ती गळती, म्हणजे बंद असूनही ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा करंट. मग २.२ मेगचा रेझिस्टर बेसला लावायचा. आता आकडा जितका वाढेल त्याला शंभराने गुणलं की गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट कितीपट वाढवतो तो आकडा, मिळतो. पहिल्या जागी ७० ते ८० गेनचा आणि दुसऱ्या जागी ११० ते १३० चा लावला की फझ फेस गोड वाजतो, असं बांधणारे मानतात. माझा अनुभवही तसाच आहे.

काकांनी मला तिथे एक गोष्ट करून दाखवली. मीटरवर गळतीचा आकडा ०.२२ वर स्थिर होता. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत ट्रान्झिस्टर नुसता धरला. आकडा ०.२४ झाला, ०.२७ झाला, बघता बघता ०.३० च्या पुढे गेला. बोटं काढली तसा हळूहळू खाली येऊ लागला. ‘‘हाई हिवाळानं शे,’’ ते म्हणाले, ‘‘उन्हाळामा मंग देख.’’

ते पेडल वाजलं मात्र अप्रतिम. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवला की जाड, मऊ, लोण्यासारखा पसरणारा आवाज. सातवर आणला की तारेचा स्वच्छ, चमकदार आवाज. पायाने काहीही न दाबता करंगळीने दोन्ही आवाज मिळायचे. माझ्या मते फझ फेसची खरी कमाई ही आहे, त्याचा कर्कशपणा नव्हे. पुढे जे काही बदललं त्यात हा गुण जाऊ द्यायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

मे महिन्यात पारोळ्याकडे एका हळदीच्या कार्यक्रमात संध्याकाळी पाचला आम्ही पत्र्याच्या शेडखाली वाजवत होतो. दुसऱ्याच गाण्यात माझा स्वर तुटायला लागला. जोरात छेडलं तर ‘फट्’ असा आवाज यायचा आणि लगेच शांतता. हळू छेडलं तर काहीच नाही. कीबोर्डवाला दादा वळून म्हणाला, ‘‘भो, तुनी गिटार मरी गई का रे?’’ मी पेडल काढून गिटार थेट अँपला जोडली आणि कार्यक्रम निभावला. मध्यरात्रीनंतर हवा थोडी निवल्यावर उत्सुकतेपोटी पेडल पुन्हा लावून पाहिलं, तर बऱ्यापैकी वाजत होतं. म्हणजे तुटलं काहीच नव्हतं.

घरी दुपारी गच्चीवर मीटर घेऊन बसलो. फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास असावेत, म्हणजे लहरीला दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळते. तिथे आठच्या वर होते. हिशेब केल्यावर कारण सरळ दिसलं. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ के चा रेझिस्टर असतो. नऊ व्होल्टवर त्यातून जेमतेम २३० मायक्रोअँपिअर वाहतात. आता २५ अंशांना १०० मायक्रोअँपिअर गळणारा ट्रान्झिस्टर घ्या. तो चांगल्यात मोडतो. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. ३५ ला २००, ४५ ला ४००. म्हणजे गिटारची तार छेडायच्या आधीच पहिला ट्रान्झिस्टर गळतीनेच पूर्ण उघडलेला. दुसऱ्याच्या बेससाठी काही उरत नाही, तो बंद पडतो, आणि फक्त सगळ्यात मोठा धक्का तेवढा पलीकडे पोचतो. परदेशातले वादकही उन्हात फझ बिघडल्याच्या तक्रारी करतात. त्यांच्यासाठी ती एखाद्या दुपारची अडचण असते. आमची अख्खी लग्नसराई त्या तापमानात जाते.

म्हणून जर्मेनियमऐवजी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर. सिलिकॉनची गळती इतकी नगण्य असते की ४५ अंशांनाही ती हिशेबात धरावी लागत नाही. शिवाय ट्रान्झिस्टर दोन जातींचे असतात, पीएनपी आणि एनपीएन, आणि त्यांना वीज उलटसुलट लागते. एनपीएन सिलिकॉन वापरलं की मूळ पेडलची उलटी ग्राउंडही सुटते. जर्मेनियमचा पीएनपी फझ फेस पॉझिटिव्ह ग्राउंडवर चालतो, त्यामुळे इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर तो लावता येत नाही. सिलिकॉनचा दोष वेगळा आहे. कोणत्याही दुकानात सहज मिळणाऱ्या बीसी ५४७ सी चा गेन ४२० ते ८०० असतो. तो लावला तेव्हा आवाज टोकदार झाला, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावरही स्वच्छ होईना, आणि मधल्या शांततेत मागे बारीक आवाजात रेडिओ बोलू लागला. एवढ्या गेनला हवेतल्या रेडिओ लहरीही पुरतात. त्यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०१ चा, म्हणजे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला की रेडिओ जातो आणि वरची करकरही उतरते.

मऊपणा मात्र कमी गेनमधूनच येतो, आणि इथे उपयोगी पडला एसएल १००. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर प्रॅक्टिकलला हाताळलेला असतो. रिले चालवायला, छोट्या पॉवर सप्लायला तो वापरतात; गिटारच्या पेडलमध्ये लावायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मूठभर आणले आणि काकांच्या रीतीने मोजले. बरेचसे ७० ते १२० च्या दरम्यान भरले, म्हणजे बरोबर फझ फेसच्या पहिल्या जागेला हवे तसे. दुसऱ्या जागी बीसी ५४७ बी ठेवला. या जोडीने आवाजातला टोकदारपणा गेला आणि करंगळीवरचा ताबा परत आला. जर्मेनियमइतका गोडवा त्यात आहे का? हिवाळ्यात शेजारी शेजारी ठेवून ऐकलं तर जर्मेनियम अजूनही पुढे आहे. पण मे महिन्यात दुसरा पर्यायच नाही. कुणी एसएल १०० लावणार असेल तर एक लक्षात ठेवा. त्याची धातूची टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते. ती डब्याला टेकली की पेडल गप्प. मी त्यावर स्लीव्ह चढवतो.

सिलिकॉनवर आल्यावर बायसचा, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट ठेवायचे याचा, हिशेब बदलतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण ०.६ व्होल्ट बसतात, १०० के मध्ये थोडे पडतात, त्यामुळे दुसऱ्याच्या एमिटरवर पाऊण-एक व्होल्ट येतात. १ के चा फझ पॉट धरला तर करंट एका मिलिअँपिअरच्या थोडा आत. कलेक्टरवर साडेचार व्होल्ट हवेत तर तिथे ८.२ के ऐवजी पाच-सहा के लागतात. बरेच जण आत एक ट्रिमपॉट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट, लावून ते एकदा जुळवतात आणि झाकण बंद करतात. मी तिथे १० के चा पॉट बाहेर, नॉबसकट आणला. पेडलमधला हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सिलिकॉनचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला दोन मिलिव्होल्टने उतरतो. वीस अंशांच्या फरकाला चाळीस मिलिव्होल्ट. त्याने कलेक्टर फार तर पाव व्होल्ट सरकतो, आणि ते कानाला कळतही नाही. त्यामुळे बायसचा नॉब उन्हाळा सावरायला लागत नाही. तो पूर्णपणे आवाज घडवण्यासाठी मोकळा राहतो. मध्यावर ठेवला तर स्वर भरीव आणि लांब. एका बाजूला फिरवत नेला की स्वराची शेपटी आखूड होत जाते, आणि टोकाला तोच तुटका, फाटलेला आवाज येतो जो पारोळ्याला नको असताना आला होता. चालीत ठेका धरायचा असतो तेव्हा तो आवाज मी आता मुद्दाम वापरतो. नाचणाऱ्यांना तो आवडतो.

पुढची अडचण मिरवणुकीत आली. तिथे केबल चालत नाही, मी गिटारला वायरलेस लावतो. वायरलेस लावताक्षणी फझ अंगावर येणारा, कोरडा होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी स्वच्छ होत नाही. फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, अगदी कमी असतो. गिटार थेट जोडली की पिकअप आणि पेडल एकमेकांवर ओझं टाकतात. व्हॉल्यूमचा पॉट थोडा खाली आणला की काही दहा हजार ओहम मध्ये येतात आणि सिग्नल झपाट्याने पडतो. ती जादू यातूनच होते. मध्ये वायरलेस किंवा बफर (गिटारला पुढच्या ओझ्यापासून अलग करणारं सर्किट) असलेला ट्यूनर आला की हे नातं तुटतं. म्हणून केबलवर वाजवताना फझ साखळीत सगळ्यात आधी ठेवा, त्याच्या आधी काहीही नको. वायरलेससाठी मी इनपुटला १० के चा पक्का रेझिस्टर आणि त्यामागे १०० के चा पॉट मालिकेत लावला. केबलवर असताना एका बारीक स्विचने दोन्ही बाजूला काढता येतात. पिकअपची अगदी हुबेहूब नक्कल होत नाही, पण करंगळीचं काम हा नॉब करतो, आणि सिग्नल कुठूनही आला तरी पेडल वागवता येतं.

इनपुट कपॅसिटरलाही एक स्विच दिला. एकीकडे मूळचा २.२ मायक्रोफॅरड, दुसरीकडे १०४, म्हणजे ०.१. इम्पिडन्स दहा के धरला तर १०४ ने साधारण १६० हर्ट्झच्या खालचा भाग फझमध्ये शिरायच्या आधीच उतरतो. एकटा वाजवताना मी मोठा कपॅसिटर ठेवतो. ढोल सुरू झाला की १०४. खालचा घुमारा ढोलाचा असतो. गिटारने तिथे गर्दी केली तर दोघंही गढूळ होतात.

टोनसाठी इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफची रचना घेतली. ते पेडल १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आलं. एका नॉबवर एका टोकाला खर्ज आणि दुसऱ्या टोकाला तीव्र, अशी त्याची चाल. मूळ रचनेत मध्यभागी, १ किलोहर्ट्झच्या आसपास, मोठा खड्डा आहे. खोलीत एकट्याने वाजवताना तो भव्य वाटतो. बँडमध्ये मात्र गिटार ऐकू येते ती नेमकी त्याच पट्ट्यात. ३.९ नॅनोच्या कपॅसिटरच्या जागी १०३, म्हणजे १० नॅनो लावला की खड्डा बराचसा बुजतो. या टोनमध्ये आवाजाची पातळी पडते, ती उचलायला पुढे बीसी ५४७ चा एक साधा टप्पा टाकला.

वीज हा आमच्याकडे स्वतंत्र विषय आहे. मांडवात जनरेटर असतो, अर्थिंग असतंच असं नाही, आणि स्वस्त अडॅप्टरमधून १०० हर्ट्झची घुरघुर सरळ आत येते. फझ तीही शंभरपट करतो. सप्लायच्या वाटेत १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावले की ही घुरघुर जवळपास तिसाव्या हिश्शावर येते. एलईडी या रेझिस्टरच्या अलीकडून घ्यायचा. उलट्या जोडणीपासून वाचवायला एक १एन४००७ डायोड आडवा. पिकअपमधून येणारी घरघर याने जात नाही. त्यासाठी माझ्या सिंगल कॉइल गिटारच्या आत तांब्याची पट्टी लावली, आणि जनरेटरपासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं मी राहतो.

सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या साध्या सर्किट बोर्डवर, जोडलं. पायाने दाबायचं नऊ पायांचं थ्रीपीडीटी स्विच मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवलं. डबा मात्र इथलाच. उन्हाळ्याआधी आमच्या गल्लोगल्ली पत्र्याचे कूलर तयार होतात. अशाच एका कारागिराने जाड पत्रा वाकवून हवा तसा डबा करून दिला. कडा इतक्या साफ वळवल्या की बोट फिरवलं तरी कुठे लागत नाही. त्यांनीच सुचवलं म्हणून रंग पांढरा दिला. काळा डबा दुपारच्या उन्हात हात लावू देत नाही. पॉट बंद पाठीचे घेतले, कारण मिरवणुकीची धूळ आणि हळद उघड्या पॉटमध्ये शिरली की महिन्याभरात खरखर सुरू होते.

वाजवण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवे वादक इथे अडतात. फझमध्ये दोन स्वर एकदम गेले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही बाहेर येते. सा २०० हर्ट्झ आणि प ३०० असेल तर फरक १०० चा, म्हणजे खालचा सा. म्हणून सा-प जोडीने धरले की आवाज डोंगराएवढा होतो. सा आणि ग धरले की फ्रेटवरचा ग नेमका जुळणारा नसल्याने फरकाचा स्वर बेसूर पडतो आणि सगळा चिखल होतो. पूर्ण कॉर्ड वाजवायची असेल तर आधी व्हॉल्यूम पाचच्या खाली आणा. एकेरी चाल असेल तर बिनधास्त दहावर.

यंदाच्या लग्नसराईत हे पेडल भर दुपारी, उन्हात तापलेल्या टेम्पोवर वाजलं आणि एकदाही स्वर तुटला नाही. आता आमच्या बॅन्जोवाल्या भाऊला तसंच हवं आहे. बॅन्जोच्या चालीच्या तारांसोबत बाजूच्या तारा सतत गुंजत असतात, त्या फझमध्ये मिसळून गोंधळ करतात. म्हणून त्याला त्या सा आणि प मध्येच लावायला सांगितल्या आहेत. त्याच्या डब्यात इनपुटला १०४ ऐवजी ४७३, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, लावला आहे आणि फझ पॉटसोबत एमिटरला थोडा रेझिस्टर कायमचा ठेवला आहे, म्हणजे पूर्ण फिरवलं तरी त्याच्या बोटांचा ठोका स्पष्ट राहील. बायसचा नॉब त्याने स्वतःच मागून घेतला.